तिसरी प्लेट

लिनक्सवर जे काम एका ओळीच्या आज्ञेनं मिनिटभरात होतं, त्यासाठी हे पुस्तक तुमच्याकडे चार-पाच सुट्ट्या मागणार आहे. पॅकेज मॅनेजरला सांगितलं की तयार कंपायलर येऊन बसतो आणि चालतोही उत्तम. असं असताना बाइनयूटिल्स, जीसीसी, जीलिबसी यांचा सोर्स उतरवून घ्यायचा, ठरावीक क्रमानं बांधत जायचं, मध्ये अडलं की लॉगच्या हजारो ओळी चाळायच्या, आणि सरतेशेवटी हाती काय, तर होता तसलाच आणखी एक कंपायलर. हा उपद्व्याप कशासाठी, याचा हिशेब पुस्तकाच्या तोंडाशीच द्यायला हवा.

वेगासाठी, असं काही जण सांगतात. आपल्या प्रोसेसरला बेतून बांधलेला कंपायलर थोडा चपळ होतोही, पण त्या फरकापायी कुणी रविवार खर्ची घालू नये. दुसरं कारण जास्त वजनाचं आहे. हातातल्या लॅपटॉपवर बसून वेगळ्याच जातीच्या प्रोसेसरसाठी कोड तयार करायचा, तर क्रॉस कंपायलर लागतो, आणि तो नेमका हवा तसा तयार मिळेलच असं नाही. पण तिथंही क्रॉसटूल-एनजी, बिल्डरूट अशी साधनं आहेत. काय हवं ते निवडून दिलं की ती सगळी बांधणी आपणहून उरकतात. माझं कारण तिसरंच आहे. ते मी कॉम्प्युटरवर शिकलो नाही, भोसरीतल्या एका टूलरूममध्ये शिकलो. तिथं आपण पोचूच. आधी बांधायचं आहे ते काय, ते पाहू.

मराठीत कंपायलरला संकलक म्हणावं, असं सुचवलं गेलं आहे. या पुस्तकात मी तसं केलेलं नाही. संकलन म्हटलं की आपल्याला सिनेमाची श्रेयनामावली आठवते, आणि वर्गात, ऑफिसात सगळे कंपायलरच म्हणतात. तरी त्या शब्दावर अन्याय नको. १९५२च्या सुमारास ग्रेस हॉपर यांनी युनिव्हॅकसाठी ए-० ही प्रणाली तयार केली. टेपवर साठवलेल्या तयार सबरूटीन हुडकून काढायच्या आणि एकीपुढे एक जुळवायच्या, हे तिचं काम. गोळा करून जुळवणारा तो कंपायलर, म्हणजे शब्दशः संकलकच. आज त्या कामाला आपण लिंकिंग म्हणतो आणि ते लिंकर करतो. नाव एकाकडे राहिलं, काम दुसऱ्याकडे गेलं.

‘जीसीसी’ या नावाचीही अशीच गफलत आहे. पडद्यावर ‘नमस्कार’ छापणारा चार ओळींचा सी प्रोग्रॅम घ्या आणि जीसीसीला ‘डॅश-व्ही’ हा पर्याय जोडून तो कंपाइल करा. ओळींचा लोंढा पडद्यावरून वाहून जाईल. तो सावकाश वाचला तर कळतं की जीसीसी स्वतः काहीच कंपाइल करत नाही. तो मुकादम आहे. सीमधल्या ओळींची असेम्ब्ली करणारा गडी वेगळा, त्याचं नाव सीसी१. त्या असेम्ब्लीचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा असेम्ब्लर ‘एएस’ तर जीसीसीच्या घरचाही नाही. तो बाइनयूटिल्सकडून बोलावलेला. शेवटी सगळे तुकडे सांधणारा लिंकर ‘एलडी’, तोही तिकडचाच. सांधताना हा मुकादम तुमच्या तुकड्याच्या मागेपुढे आणखी काही तुकडे न विचारता सरकवतो. पहिल्या वर्षाला आपण शिकतो की प्रोग्रॅम ‘मेन’पासून सुरू होतो. प्रत्यक्षात तो ‘स्टार्ट’ नावाच्या चिमुकल्या असेम्ब्ली तुकड्यापासून सुरू होतो. तो तुकडा सीआरटी१ नावाच्या फाइलमध्ये असतो आणि ती फाइल सी लायब्ररीतून, म्हणजे जीलिबसीकडून येते. ‘नमस्कार’ छापणारं प्रिंटएफही तिथलंच. आणि प्रत्यक्ष छापण्यासाठी प्रिंटएफला शेवटी कर्नलकडेच जावं लागत असल्यामुळे जीलिबसी बांधायला कर्नलचे हेडर लागतात.

अशी चार बिऱ्हाडं झाली: बाइनयूटिल्स, जीसीसी, जीलिबसी आणि कर्नलचे हेडर. या चौघांना मिळून टूलचेन म्हणतात. नावात साखळी असली तरी जवळून पाहिलं की ती गाठ निघते. जीलिबसी बांधायला जीसीसी हवा. जीसीसी पूर्ण बांधायला, विशेषतः त्याची सी प्लस प्लस लायब्ररी बांधायला, जीलिबसी हवी. दोघांनाही असेम्ब्लर आणि लिंकर हवेत, आणि ते बांधायला पुन्हा कंपायलर हवाच.

ही गाठ सोडवायची रीत गवंड्याला ठाऊक असते. भिंत उभी राहण्याआधी तो परांची बांधतो. परांची राहायला नसते, तिच्यावर उभं राहून भिंत चढवायची असते. टूलचेनच्या बांधणीत आधी बाइनयूटिल्स बांधायचं आणि मग एक अर्धाच जीसीसी. त्याला बजावून सांगायचं, की बाबा, सी लायब्ररी अस्तित्वातच नाही असं समज. थ्रेड नाहीत, शेअर्ड लायब्ररी नाही, फक्त सी आणि सी प्लस प्लस एवढ्याच भाषा. असा अर्धा कंपायलर साधा ‘नमस्कार’ही छापू शकत नाही, कारण छापणारी लायब्ररी त्याच्याकडे नाही. पण जीलिबसी बांधण्याइतका तो पुरतो. मग कर्नलचे हेडर ठेवायचे, त्या अर्ध्या कंपायलरनं जीलिबसी बांधायची, तिच्या जोरावर सी प्लस प्लसची लायब्ररी आणि मग खरा, पूर्ण जीसीसी. शेवटी परांची उतरवायची. १९९९ साली गेरार्ड बीकमन्स यांनी सुरू केलेल्या ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ प्रकल्पात सोर्सपासून अख्खी लिनक्स उभी करायला शिकवतात, तिथंही सुरुवातीची प्रकरणं या परांचीचीच आहेत. तिथं वेळ मोजायचं मापही मजेशीर आहे. प्रत्येकाचं यंत्र वेगळं, तेव्हा मिनिटांत सांगून उपयोग नाही. म्हणून पहिल्या खेपेचं बाइनयूटिल्स तुमच्या यंत्रावर बांधायला जितका वेळ लागेल तो एक एकक धरायचा आणि पुढचं सगळं त्याच्या पटीत सांगायचं. हे माप या पुस्तकातही वापरलं आहे.

या सगळ्यात नवख्या माणसाची दांडी सर्वांत जास्त उडते ती तीन शब्दांवर: बिल्ड, होस्ट आणि टार्गेट. बांधकाम ज्या यंत्रावर चाललं आहे ते बिल्ड. बांधून झालेली वस्तू ज्यावर चालणार ते होस्ट. आणि ती वस्तू स्वतः कंपायलर असेल तर ती ज्या यंत्रासाठी कोड काढणार ते टार्गेट. नेहमीच्या बांधणीत तिन्ही एकच. क्रॉस कंपायलरमध्ये पहिली दोन एक आणि तिसरं वेगळं. तिन्ही वेगळी असली, तर त्या प्रकाराला ‘कॅनेडियन क्रॉस’ म्हणतात. या नावाची चर्चा चालू होती तेव्हा कॅनडात राष्ट्रीय पातळीवरचे तीन राजकीय पक्ष होते, एवढंच त्यामागचं कारण! कॉन्फिगरची आज्ञा लिहिण्याआधी या तीन नावांचा तक्ता कागदावर काढा. मी आजही काढतो.

आता खुद्द जीसीसीकडे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८७ साली जीसीसीची पहिली आवृत्ती आली. तेव्हा तो फक्त सीचा कंपायलर होता. पुढे भाषा वाढल्या. १९९७ साली काही मंडळी कामाच्या पद्धतीवरून वेगळी झाली आणि ‘ईजीसीएस’ नावाची शाखा निघाली. १९९९ साली तीच शाखा अधिकृत जीसीसी झाली. २०१३च्या ४.८ आवृत्तीपासून जीसीसी बांधायला सीचा कंपायलर पुरत नाही, सी प्लस प्लसचा लागतो. हा वरवर किरकोळ वाटणारा बदल लक्षात ठेवा, तो पुढे आपल्या वाटेत आडवा येणार आहे. आज चाचण्यांसकट या सोर्सच्या ओळी एक कोटीच्या वर आहेत. सोबत जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी ही गणिताची तीन पॅकेजंही लागतात. कंपायलरला एवढं गणित कशाला, तर तुमच्या कोडमध्ये एखाद्या ठरलेल्या संख्येची साइन लिहिली असेल तर कंपायलर ती आधीच काढून ठेवतो, आणि कंपायलर कुठल्याही यंत्रावर चालत असला तरी ते उत्तर शेवटच्या बिटपर्यंत तेच यायला हवं.

आणि कंपायलर बांधायला कंपायलर लागतो, तर बांधलेल्यावर भरवसा कसा ठेवायचा? जीसीसीची रीत तीन टप्प्यांची आहे. यंत्रावर आधीपासून असलेल्या कंपायलरनं सोर्स बांधला की पहिला टप्पा. हा कंपायलर नव्या सोर्सचा खरा, पण त्याची यंत्रभाषा जुन्या कंपायलरनं काढलेली. म्हणून त्या पहिल्यानं तोच सोर्स पुन्हा बांधायचा: दुसरा टप्पा. मग दुसऱ्यानं पुन्हा तोच सोर्स बांधायचा: तिसरा. दुसरा आणि तिसरा दोघंही एकाच सोर्सचे, आणि दोघांनाही बांधणारे कंपायलर त्याच सोर्सचे, तेव्हा त्यांच्या ऑब्जेक्ट फाइल सारख्या निघायलाच हव्यात. मेक त्या एकेक करून ताडून पाहतं. जुळल्या तर ‘कम्पॅरिझन सक्सेसफुल’ अशी ओळ उमटते. न जुळल्या तर कंपायलर कुठंतरी स्वतःलाच चुकीचं कंपाइल करतो आहे.

ती ओळ मला पहिल्यांदा दिसली ती चौथ्या प्रयत्नाला. भारनियमनाचे दिवस होते. वेळापत्रक भिंतीला चिकटवलेलं असायचं आणि मी रात्री वीज असण्याच्या तासांत मेक लावून झोपायचो. एका रात्री वीज वेळापत्रकाला न जुमानता गेली. मेक जिथं थांबतं तिथून पुढे सुरू होतं, म्हणून सकाळी निर्धास्तपणे पुन्हा चालवलं. दोन तासांनी लिंकर म्हणाला, की एक फाइल ओळखता येत नाही, ती तुटकी आहे. मी कंपायलरला दोष दिला, सोर्स पुन्हा उतरवला, पर्याय बदलले. खरी गोष्ट अशी होती की वीज गेली त्या क्षणी एक ऑब्जेक्ट फाइल अर्धवट लिहिली गेली होती. मेक फाइलच्या आत डोकावत नाही, फक्त तारीख-वेळ पाहतं. त्या अर्धवट फाइलची वेळ तिच्या सोर्सनंतरची होती, म्हणून मेकनं ती झालेल्या कामात धरली. ती एक फाइल पुसली असती तर काम भागलं असतं. मी तीन रात्री घालवल्या.

बांधणी मोडते ती बहुधा अशाच साध्या कारणांनी, आणि त्यांना या पुस्तकात एक अख्खा भाग दिला आहे. सोर्सच्या फोल्डरमध्येच बांधायला बसू नये, वेगळं रिकामं फोल्डर करावं. आठ गडी एकदम कामाला लावले आणि मेमरी कमी पडली तर कर्नल सरळ कंपायलरलाच मारतो. पडद्यावर ‘किल्ड’ एवढा एकच शब्द राहतो आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो. ‘सी कंपायलर एक्झिक्युटेबल तयार करू शकत नाही’ असं कॉन्फिगर म्हणालं, तर खरं कारण पडद्यावर नसतं, कॉन्फिग-लॉग फाइलमध्ये असतं. आणि मेक पडलं की शेवटच्या ओळी वाचू नयेत. त्या नुसत्या वर निरोप पोचवणाऱ्या असतात. मूळ चूक वर, बरीच वर, पहिल्यांदा ‘एरर’ हा शब्द येतो तिथं असते.

आता टूलरूमकडे वळू. माझे वडील भोसरीत फिटर होते. सुट्टीत कधी डबा पोचवायला गेलो की त्यांच्या बाकावर एक जाडजूड लोखंडी सरफेस प्लेट दिसायची. कुठलाही भाग सपाट आहे का हे तिच्यावर ठेवून ठरवायचे. प्लेटवर निळ्या रंगाचा अगदी पातळ थर द्यायचा, भाग तिच्यावर हलके घासायचा. जिथं निळं लागेल तिथं उंचवटा. तो स्क्रेपरनं खरवडायचा आणि पुन्हा घासून बघायचं. मी विचारलं, “अण्णा, पण ही प्लेट सपाट आहे हे कसं कळलं?”

“दुसऱ्या प्लेटवर घासून.”

“आणि ती दुसरी?”

त्यांनी हातातलं काम ठेवलं. एका हाताची ओंजळ केली, दुसऱ्या हाताची मूठ वळून तिच्यात बसवली. “बघ, बसली की नाही चपखल? मधे फट आहे का? नाही. मग दोन्ही सपाट झाले का?” मग म्हणाले, “दोन प्लेटा एकमेकींना सांभाळून घेतात. एक पोटात खोल, एक फुगीर, आणि निळा रंग सगळीकडे सारखा लागतो. म्हणून तीन लागतात. पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर, तिसरी पहिलीवर. तिन्ही एकमेकींशी जुळल्या, तरच सपाट.”

पुढे कळलं की ही पद्धत जोसेफ व्हिटवर्थ यांच्या नावानं ओळखली जाते. १८४० साली ग्लासगोत त्यांनी ती विद्वानांसमोर मांडली होती. तिचं मोल असं की सुरुवातीला एकही अचूक वस्तू जवळ लागत नाही. तीन ओबडधोबड तुकडे आणि चिकाटी एवढ्यावर सपाटी जन्माला येते.

‘कम्पॅरिझन सक्सेसफुल’ या ओळीकडे या नजरेनं पाहा. दुसरा टप्पा आणि तिसरा टप्पा जुळले. म्हणजे दोन प्लेटांवर निळा रंग सारखा लागला. एवढंच.

ही शंका आधी फार मोठ्या माणसानं बोलून दाखवली आहे. युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्तानं केलेलं छोटेखानी भाषण १९८४ साली छापून आलं. त्यातलं एक उदाहरण मी दरवर्षी फळ्यावर करून दाखवतो. सी भाषेत उभ्या टॅबसाठी तिरकी रेघ आणि व्ही असं लिहितात. हे कंपायलरला शिकवायचं कसं? कंपायलर सीमध्येच लिहिलेला आहे, पण ‘रेघ-व्ही’ म्हणजे काय हे जुन्या कंपायलरला ठाऊक नाही. म्हणून पहिल्यांदा सोर्समध्ये आकडा लिहायचा: रेघ-व्ही आलं तर ११ दे. हे कंपाइल केलं, नवा कंपायलर तयार झाला. आता त्याला रेघ-व्ही कळतं, तेव्हा सोर्समधला ११ पुसून तिथं रेघ-व्हीच लिहिता येतं: रेघ-व्ही आलं तर रेघ-व्ही दे. पुन्हा कंपाइल केलं. सगळं नीट चालतं. पण आता सोर्सभर शोधलंत तरी त्यासाठी लिहिलेला ११ सापडणार नाही. ते ज्ञान फक्त बायनरीत उरलं आहे आणि एका बायनरीकडून पुढच्या बायनरीकडे जात राहणार आहे.

इथपर्यंत सारं निर्मळ आहे. थॉम्पसन यांनी याच वाटेनं पुढं जाऊन दाखवलं, की अशाच रीतीनं कंपायलरमध्ये चोरवाटही पुरता येते. लॉगिनचा प्रोग्रॅम कंपाइल होतोय असं दिसलं की त्यात गुप्त पासवर्ड घुसवायचा. आणि कंपायलर स्वतःच कंपाइल होतोय असं दिसलं की ही दोन्ही कृत्यं नव्या कंपायलरमध्ये उतरवायची. मग सोर्समधून सगळं पुसून टाकायचं. सोर्स स्वच्छ, कुणीही वाचावा. तीन टप्पे बांधा, दुसरा आणि तिसरा अक्षरशः जुळतील, कारण खोट दोघांतही सारखीच आहे. ओंजळीत मूठ चपखल बसलेली असेल.

म्हणजे तिसरी प्लेट हवी. डेव्हिड व्हीलर यांनी २००५ साली ती सविस्तर मांडली आणि २००९च्या आपल्या प्रबंधात सिद्ध करून दाखवली. संशयित कंपायलरचा सोर्स एका अगदी वेगळ्या घराण्यातल्या कंपायलरनं बांधायचा. जो निघेल त्यानं तोच सोर्स पुन्हा बांधायचा. हा निकाल आणि संशयिताचा निकाल बिट न् बिट जुळला, तर सोर्समध्ये जे आहे तेच बायनरीत आहे असं म्हणता येतं. ते खोटं ठरायचं, तर दोन घराण्यांत एकच खोट एकाच पद्धतीनं शिरलेली असायला हवी.

दुसरी मंडळी तळापासून वर आली. हाताशी एकही भरवशाची वस्तू नाही असं धरायचं आणि माणसाला डोळ्यांनी तपासता येईल एवढ्या लहान बायनरीपासून सुरुवात करायची. २०२३ साली ग्नू ग्विक्सच्या लोकांनी जाहीर केलं की त्यांची सगळी पॅकेजं आता अवघ्या ३५७ बाइटांच्या एका प्रोग्रॅमपासून बांधत आणता येतात. हा प्रोग्रॅम सोळाच्या पायातले आकडे वाचतो आणि बाइट लिहितो, इतकंच. त्याच्या जोरावर थोडा मोठा असेम्ब्लर, त्यावर सीसारख्या भाषेचा एक बाळबोध कंपायलर, मग ‘मेस’, मग फॅब्रिस बेलार्ड यांचा टायनीसीसी, मग जुना जीसीसी २.९५, आणि तिथून एकेक पायरी चढत आजचा. मधे इतका जुना जीसीसी का, याचं उत्तर मघाशी येऊन गेलं: नव्या जीसीसीला सी प्लस प्लस लागतं, आणि टायनीसीसीला फक्त सी येतं. या वाटेवरही चालता लिनक्स कर्नल आणि बांधणी हाकणारा एक तयार प्रोग्रॅम गृहीत धरावाच लागतो. तरी जे गृहीत आहे ते आता बोट ठेवून दाखवता येतं.

हे सगळं पंडितांचं भय वाटू नये म्हणून एक अलीकडचं उदाहरण. २०२४च्या मार्चअखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दिसलं की त्याच्या यंत्रावर एसएसएचचं लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतं आहे. धागा धरत तो एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या कॉम्प्रेशनच्या पॅकेजपर्यंत पोचला. चोरवाट चाचण्यांच्या फाइलमध्ये दडवलेली होती, आणि तिला जागं करणारी कळ बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये होती. ती स्क्रिप्ट वाटपासाठी बांधलेल्या टारमध्ये होती, सगळ्यांना दिसणाऱ्या गिटच्या भांडारात नव्हती. ‘सोर्स उघडा आहे’ म्हणून निश्चिंत राहिलेल्यांना त्या आठवड्यात कळलं, की आपण बांधतो तो सोर्स आणि लोक वाचतात तो सोर्स एकच आहे का, हे बघणंही बांधणाऱ्याचंच काम आहे. कॉन्फिगर चालू असताना ज्या शेकडो ओळी आपण चहा पीत सोडून देतो, नेमक्या तिथंच हे घडलं होतं.

या विद्येशी आपल्या इकडचा संबंध जुना आहे. धामधेरे यांच्या सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकावर आमची पिढी असेम्ब्लर आणि लिंकर शिकली. पवईच्या आयआयटीत उदय खेडकर यांच्या पुढाकारानं जीसीसी रिसोर्स सेंटर चाललं. जीसीसीच्या अंतरंगावर तिथं कार्यशाळा झाल्या आणि शिकवण्याचं साहित्य सगळ्यांना खुलं केलं गेलं. आता आणखी एक निमित्त दारात आहे. रिस्क-फाइव्ह हा बर्कलीत २०१० साली सुरू झालेला खुला आराखडा २०१७मध्ये जीसीसीच्या सातव्या आवृत्तीत आला, आणि त्यावर बेतलेले प्रोसेसर आपल्या देशात घडले: मद्रास आयआयटीचा शक्ती, सी-डॅकचा वेगा. प्रोसेसर आपला असला तरी त्याला पहिली आज्ञा कंपायलरच देतो. म्हणून पुस्तकाचा दुसरा भाग रिस्क-फाइव्हसाठी क्रॉस टूलचेन बांधण्याचा आहे. त्यासाठी बोर्ड विकत घ्यायची गरज नाही. तयार झालेला प्रोग्रॅम प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या क्यूईएमयूवर चालवून बघता येईल.

पुस्तक कुणासाठी? सी लिहिता येतं, टर्मिनलची भीती गेली आहे, आणि ‘हे आतून कसं चालतं’ ही खाज आहे, एवढी पात्रता पुरे. पहिला भाग परांचीचा, दुसरा क्रॉस कंपायलरचा, तिसरा मोडलेल्या बांधण्यांचा. तिसरा भाग आधी वाचायचा मोह होईल. वाचा, पण स्वतःची एक तरी बांधणी मोडल्यावर. आज्ञा कॉपी करून चिकटवू नका, हातानं टाइप करा. प्रत्येक पर्यायापुढे ‘हा काढला तर काय होईल’ असं एक छोटं काम दिलं आहे. ते केलंत तर बांधणीला दुप्पट वेळ लागेल, आणि पुस्तकाचा अर्धा उपयोग तिथंच आहे.

शेवटच्या प्रकरणात नवं काही बांधायचं नाही. तोवर तुमच्याजवळ जीसीसीनं बांधलेल्या जीसीसीचा तिसरा टप्पा असेल. तोच सोर्स, तेच पर्याय, तेच फोल्डर ठेवून पुन्हा सुरुवात करायची. पहिला टप्पा मात्र क्लँगनं बांधायचा. क्लँगचं घराणं वेगळं, ते इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेल्या एलएलव्हीएमचं. मग या नव्या वाटेनं आलेला तिसरा टप्पा जुन्या तिसऱ्या टप्प्याशी ताडून पाहायचा. जुळला नाही तर का जुळला नाही ते शोधा. बहुधा एखादी तारीख किंवा फोल्डरचं नाव आत शिरलेलं सापडेल, आणि ते शोधताना तुम्ही या पुस्तकापेक्षा जास्त शिकाल. जुळला, तर तुमच्या कंपायलरबद्दल तुम्ही एक गोष्ट स्वतः तपासून सांगू शकाल, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे. तेव्हाही एक प्रश्न उरेलच: तो क्लँग कुणी बांधला होता?

वडील निवृत्त झाले तेव्हा त्यांनी घरी फक्त स्क्रेपर आणला. तो माझ्या टेबलावर कीबोर्डशेजारी असतो. त्याच्या मुठीला अजून थोडा निळा रंग आहे.